चार जुन्या लष्करी रायफली आणि शंभर यार्ड: लायसन्सच्या फॉर्मपासून शेवटच्या टार्गेटपर्यंत

जुन्या लष्करी रायफलींबद्दल ठाम मतं खूप ऐकायला मिळतात. स्विस के-३१ म्हणजे सुई, रशियन मोसिन म्हणजे कुंपणाचा खांब, ब्रिटिश थ्री नॉट थ्री म्हणजे नळी झिजलेली असणारच, अमेरिकन गॅरंड म्हणजे सर्वोत्तम. मला हे सगळं स्वतः मोजून बघायचं होतं, एकाच बेंचवर, एकाच अंतरावर, एकाच पद्धतीने. ऑक्टोबर २०२२ ते जून २०२४ एवढा काळ लागला त्याला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त कागदपत्रं, वाट बघणं आणि साफसफाईत गेला. मी ओहायोमध्ये राहतो, कोलंबसच्या उत्तरेला. आपल्यातले बरेच जण इथे आहेत आणि या छंदाबद्दल विचारतात पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

आधी व्हिसाचं, कारण हे चुकलं तर बाकी काहीच कामाचं नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, काही अपवाद सोडून, आणि त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणं किंवा भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणं हेही बाळगण्यातच येतं, हे अनेकांना माहीतच नसतं आणि ऑफिसच्या टीम आउटिंगला सगळे जातात म्हणून आपणही जातो. तेव्हा इमिग्रेशनचा वकील असेल तर त्याला आधी विचारा. ग्रीन कार्ड असेल तर विकत घेता येते. मी सिटिझनशिपची शपथ होईपर्यंत थांबलो, कारण माझ्या यादीतली एक रायफल मला ज्या संस्थेकडून घ्यायची होती ती फक्त नागरिकांनाच विकते, त्याबद्दल पुढे येईलच.

शपथ ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. नोव्हेंबरमध्ये गावातल्या दुकानात एक मोसिन-नागांट ९१/३० दिसली, इझेव्हस्क कारखान्याची, १९३९ ची, रिसिव्हरवर, म्हणजे नळीमागच्या लोखंडी भागावर, बाणवाला त्रिकोण. टॅक्स धरून ४३० डॉलर. २०१० च्या आसपास हीच रायफल शंभर डॉलरच्या आत, पेटीतून निवडून घ्या अशी मिळायची असं रेंजवरचे जुने लोक सांगतात आणि ते खरं आहे, पण आता ते पीक संपलं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो, मग दुकानदार एफबीआयच्या निक्स सिस्टीमला, म्हणजे गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेला, विचारतो. तिथून तीन उत्तरं येऊ शकतात, प्रोसीड, डिलेड किंवा डिनाईड. माझं डिलेड आलं. छातीत धस्स झालं, नव्या नागरिकाला उगाचच वाटतं की कुठेतरी काहीतरी अडकलंय. पण डिलेड म्हणजे नकार नव्हे, नावाशी मिळतंजुळतं नाव कुठल्यातरी यादीत असलं तरी होतं ते, आणि आपल्याकडची आडनावं तर हजारो लोकांची सारखी. थँक्सगिव्हिंग मध्ये आल्याने आठवडा गेला आणि प्रोसीड आलं. दरवेळी असं होत असेल तर एफबीआयकडे व्हॉलंटरी अपील फाईलचा अर्ज करून यूपीआयएन नावाचा एक नंबर घेता येतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहिला की ओळख पटवणं सोपं जातं. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नव्या पत्त्याचं सरकारी कागद, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, सोबत न्या, नाहीतर काउंटरवरूनच परत यावं लागतं.

मोसिन घरी आली आणि लक्षात आलं की बाकीच्या रायफली अशा एकेक दुकानात शोधत बसलो तर कधी व्हायचं. मग सी अँड आर लायसन्सचा विचार केला. क्युरिओ अँड रेलिक, अधिकृत नाव टाईप ०३ फेडरल फायरआर्म्स लायसन्स. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली बंदूक, किंवा एटीएफच्या, म्हणजे बंदुकांची लायसन्स देणाऱ्या फेडरल खात्याच्या, यादीत असलेली, ही या लायसन्सवर दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येते. हे संग्राहकाचं लायसन्स आहे, धंदा करायला चालत नाही. वय २१ पूर्ण पाहिजे, फी ३० डॉलर तीन वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला दहा डॉलर. फॉर्म ७-सीआर. डीलरच्या लायसन्ससाठी बोटांचे ठसे आणि फोटो लागतात, ०३ साठी ते लागत नाहीत. फॉर्मची एक प्रत स्थानिक पोलीस चीफ किंवा शेरीफला पाठवायची असते, परवानगी मागायला नाही, फक्त कळवायला. मी शेरीफच्या ऑफिसची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने टाकली आणि पावती फाईलला लावली, कोणी मागितली नाही पण असू द्यावी.

जानेवारी २०२३ मध्ये मूळ अर्ज पोर्टलंडच्या पोस्ट बॉक्सवर गेला. त्यानंतर एकदम शांतता. कुठे ट्रॅकिंग नाही, ईमेल नाही. पहिली खूण म्हणजे क्रेडिट कार्डावर ३० डॉलर कापले जातात, माझे फेब्रुवारीच्या शेवटी कापले गेले, त्या दिवशी फार बरं वाटलं. एप्रिलमध्ये साधं पांढरं पाकीट आलं, आत कागदावर छापलेलं लायसन्स. त्याच्या प्रतीवर निळ्या शाईने सही करून विक्रेत्याला पाठवायची, आणि तुमच्याकडे एक रजिस्टर ठेवायचं ज्याला बाउंड बुक म्हणतात. कुठली बंदूक, कोणाकडून, नंबर काय, कधी आली. पार्सल आलं की लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नोंद झालीच पाहिजे, विकली तर सात दिवसांत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बॉक्स उघडायच्या आधीच पेन घेऊन बसायचो, कारण एकदा रायफल हातात आली की वही कोणाला आठवते.

मे महिन्यात के-३१ आली. १९४३ ची, बर्नच्या कारखान्यातली, अक्रोडाचा स्टॉक, ७१० डॉलर आणि कुरियरचे वेगळे. स्वित्झर्लंडमध्ये ही रायफल १९३३ ते १९५८ अशी बनली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, सरळ मागे ओढायचा, फिरवायचा नाही. दस्त्याचा खालचा भाग खरवडलेला होता पण नळीच्या आत आरसा. दस्त्याची लोखंडी पट्टी उघडल्यावर आत घडी घातलेलं छोटं कार्ड मिळालं, सैनिकाचं नाव, तुकडी, गाव. तिथले सैनिक रायफल घरीच ठेवायचे, त्यामुळे ही कार्डं बऱ्याच के-३१ मध्ये सापडतात. मी ते ॲसिड-फ्री पाकिटात ठेवलं आणि त्याच जागी परत घातलं. तुम्ही घेतलीत तर पट्टी नक्की उघडा, पण बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरा, स्क्रूची खाच एकदा खराब झाली की कायमची.

जुलैमध्ये आली ती माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ स्टार, ३०३ बोअरची, म्हणजेच थ्री नॉट थ्री, बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्यात १९४३ साली बनलेली, गळ्याशी मुकुट, जीआरआय आणि इछापूर कोरलेलं. ४६० डॉलर. माझे बाबा राज्य राखीव पोलीस दलात होते, दौंडला, आणि त्यांची उमेदीची वर्षं याच रायफलीसोबत गेली. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर चष्मा लावून म्हणाले, "बोल्ट उघड आधी, रिकामी आहे का दाखव." मग बराच वेळ नुसते बघत होते. मग प्रश्न सुरू, स्लिंग स्विव्हल आहे का, मॅगझिन कट-ऑफची खाच आहे का, पुल-थ्रू आहे का दस्त्यात. चांदमारीच्या आदल्या रात्री सगळे नळी कशी पुसायचे ते सांगत बसले. भारतात ३०३ हा प्रोहिबिटेड बोअर, साध्या नागरिकाला मिळत नाही, नागरिकांसाठी इछापूरने याच ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट-रिसिव्हरच्या यंत्रणेवर, ३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, तिच्याबद्दल गावाकडच्या लोकांना माहिती असते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला ३०३ ला समारंभाने निरोप दिला. आणि इथे ती बेंचवर मोजायला मिळतेय.

त्याच उन्हाळ्यात एका गन शोमध्ये टेबलावर सुट्या काडतुसांच्या डब्यात ३०३ ची काही दिसली, तळावर केएफ. म्हणजे आपलं खडकी, पुण्याची ॲम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. मी काही घेतली, झाडायला नाही तर जपून ठेवायला. इतक्या जुन्या लष्करी काडतुसांत कॉर्डाइट ही जुन्या प्रकारची दारू आणि क्षार सोडणारा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, असतो, चाचणीसाठी ती योग्य नाहीत. आणि इथे एक अगदी कळकळीचं सांगणं आहे. भारतात जाताना जी बॅग रेंजवर नेता ती प्रवासाला वापरूच नका, आणि प्रत्येक बॅगेचे खिसे उलटे करून झटका. एक काडतूस, कधीकधी नुसती रिकामी पुंगळीसुद्धा, विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली की आर्म्स ॲक्टखाली प्रकरण सुरू होतं, आणि सुट्टी पोलीस स्टेशन आणि कोर्टात जाते. माझी रेंजची बॅग लाल रंगाची आहे, ती गॅरेजच्या पलीकडे घरात येत नाही.

चौथी रायफल एम-१ गॅरंड, आणि तीच नागरिकत्वाची अट असलेली. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम, सीएमपी, ही संस्था अमेरिकन लष्कराच्या जुन्या रायफली नागरिकांना विकते. कार्यक्रम १९०३ पासूनचा, आजची संस्था १९९६ च्या कायद्याने झाली. त्यांना तीन गोष्टी लागतात: नागरिकत्वाचा पुरावा, त्यांच्याशी जोडलेल्या एखाद्या क्लबचं सभासदत्व, आणि नेमबाजी केल्याचा पुरावा, म्हणजे मॅचचा निकाल किंवा ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. पासपोर्टची प्रत चालते. क्लबसाठी मी घरापासून चाळीस मिनिटांवरच्या एका रेंजचं सभासदत्व घेतलं, वर्षाला १६० डॉलर, त्यात ओरिएंटेशनची एक सकाळ आणि वर्षातून काही तास गवत कापणं, टार्गेटच्या चौकटी ठोकणं असं श्रमदान. नवे सभासद ठराविक महिन्यांतच घेतात, त्यामुळे आधी नाव नोंदवून ठेवा. नेमबाजीचा पुरावा तिथल्याच एका छोट्या मॅचमधून मिळाला. तिथली माणसं फार मदतीची निघाली, एका निवृत्त गृहस्थांनी आपली गॅरंड माझ्या हातात देऊन आठ गोळ्यांची क्लिप अंगठा न चिरडता कशी दाबायची ते दाखवलं, हाताची कड ऑपरेटिंग रॉडच्या, म्हणजे बोल्ट मागेपुढे करणाऱ्या दांडीच्या, हँडलला टेकवून ठेवायची आणि अंगठा झटकन काढायचा.

सीएमपीच्या प्रतवारीतल्या सर्व्हिस ग्रेडची ऑर्डर सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने गेली, रायफल जानेवारी २०२४ मध्ये थेट घरी आली, ओहायोत तसं चालतं, काही राज्यांत दुकानातून घ्यावी लागते. किंमत हजाराच्या थोडी वर. सोबतच्या टॅगवर नळीची दोन मापं लिहिलेली असतात, मागच्या बाजूची थ्रोटची झीज आणि तोंडाशी मझलची झीज. दोन्ही आकडे जितके लहान तितकं चांगलं. माझे मधले होते, समाधान वाटलं.

मग हिवाळा. मोसिन आणि गॅरंडला कॉस्मोलिन होतं, गंज लागू नये म्हणून लष्कर लावतं ते ग्रीस, लाकडात मुरलेलं आणि थंडीत काकवीसारखं घट्ट. लोखंडी भागांना मिनरल स्पिरिट्स आणि दाढीचा ब्रश, लाकडासाठी उष्णता. मी लाकूड काळ्या पिशवीत घालून हीटरजवळ ठेवायचो आणि दर थोड्या वेळाने पुसायचो, दिवसभर पाझरत राहतं. सँडपेपर लावू नका, शिक्के जातात आणि किंमतही जाते. ओव्हनमध्ये तर नकोच.

त्यानंतर हेडस्पेस. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर बोल्टच्या तोंडाशी किती जागा उरते ते माप, जास्त असेल तर पुंगळी फाटून गरम वायू मागे तोंडावर येऊ शकतो. गो आणि फील्ड असे पोलादी गेज मिळतात, ३०३ साठी गो ०.०६४ इंच आणि फील्ड ०.०७४. गोवर बोल्ट बंद झाला पाहिजे, फील्डवर बंद होता कामा नये. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, आधी काढून, बोटाच्या हलक्या दाबाने. एक गेज तीस-पस्तीस डॉलर, चार कॅलिबरचे घ्यायचे तर बराच खर्च, म्हणून मी ३०३ चे घेतले आणि बाकीच्या तिन्ही गनस्मिथकडे नेल्या, त्याने प्रत्येकी २५ घेतले. चारही पास झाल्या. इथे पैसे वाचवू नका, एवढंच म्हणतो.

नळीचं खरं माप कळण्यासाठी स्लगिंग केलं. मऊ शिशाची गोळी, नळीला थोडं तेल, लाकडी दांड्याने आणि छोट्या हातोड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू ढकलायची, बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजायची. इछापूरची ०.३१४ इंच आली. बाजारात मिळणाऱ्या ३०३ च्या गोळ्या ०.३११ किंवा ०.३१२. तेव्हाच अंदाज आला की ही रायफल कुठल्या गोळीने मारते ते शोधावं लागणार. जुनी मार्क ७ ची लष्करी गोळी १७४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), मागून सपाट. आजची बरीच काडतुसं बोट-टेल, म्हणजे मागे निमुळती गोळी. मोठ्या किंवा झिजलेल्या नळीत निमुळत्या गोळीला मागून पकड कमी मिळते, सपाट बुडाची गोळी दाबाखाली पसरून खाचांमध्ये नीट बसते. म्हणून ३०३ साठी दोन्ही प्रकारची घेतली. गॅरंडसाठी जुन्या एम-२ बॉल या लष्करी काडतुसाच्या दाबाचीच काडतुसं घ्या, शिकारीची जड गोळीची आधुनिक ३०-०६ वापरली तर ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. के-३१ साठी स्विस लष्कराचं जीपी-११ काडतूस थोडं मिळालं, मोसिनसाठी सर्बियातून आलेलं नवीन. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयातीला मनाई केली आणि तेव्हापासून मोसिनचं ७.६२×५४ काडतूस स्वस्त राहिलेलं नाही. एकंदरीत गोळीमागे एक डॉलर ते दीड डॉलर पडला.

आणखी एक तयारी डोळ्यांची. वय ४७, चाळिशी लागलेली, आणि ओपन साईटने नेम धरायचा तर पुढची साईट स्पष्ट दिसायलाच हवी, टार्गेट थोडं धूसर चालतं. ऑप्टोमेट्रिस्टला रायफलची लांबी सांगितली, तिने दूरच्या नंबरात अधिक ०.५० घालून एक सिंगल व्हिजन चष्मा दिला, बायफोकल नाही. ९० डॉलर. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही. पन्नाशीच्या आसपास असाल तर रायफलीवर शंका घ्यायच्या आधी हे करा.

एप्रिल २०२४ मध्ये बर्फ आणि चिखल सरला आणि मोजणी सुरू केली. पद्धत आधी वहीत लिहून ठेवली होती आणि मध्येच बदलली नाही. अंतर १०० यार्ड, पुढे वाळूच्या पिशव्या, मागे सशाच्या कानाची छोटी पिशवी. प्रत्येक रायफलला एका प्रकारच्या काडतुसाचे पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप. ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका, जितका लहान तितका चांगला. प्रत्येक ग्रुपनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हात लावण्याइतकी थंड होईपर्यंत थांबायचं. रायफलींचा क्रम दर वेळी वेगळा, म्हणजे खांदा दमल्यावर कायम एकाच रायफलीचा नंबर लागायला नको. वारा जास्त असेल तर घरी परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलाही ग्रुप टाकून द्यायचा नाही. पाचातला एक सुंदर ग्रुप निवडून त्याचा फोटो दाखवायचा आणि रायफल इतकं मारते म्हणायचं हे मला पटत नाही. तो एक ग्रुप बराचसा नशिबाचा असतो, सरासरी रायफलीची असते.

मोजायचं असं: सर्वात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरने घ्या आणि त्यातून गोळीचा व्यास वजा करा. १०० यार्डांवर १.०५ इंच म्हणजे साधारण एक मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग. पण या मापात पाचपैकी दोनच भोकं बोलतात, म्हणून मी फोनवर टार्गेटचा फोटो काढून मीन रेडियसही काढला, म्हणजे मधल्या बिंदूपासून प्रत्येक भोकाचं अंतर आणि त्याची सरासरी. दोन्ही मापांनी क्रम तोच आला, त्यामुळे खात्री वाटली.

के-३१ ची पाच ग्रुपांची सरासरी १.९ इंच. ओपन साईटने, माझ्या डोळ्यांनी. चाप दोन टप्प्यांचा, दुसरा टप्पा काचेची कांडी तुटावी तसा स्वच्छ. पाचही ग्रुप एकमेकांच्या जवळपास, सर्वात मोठा आणि सर्वात छोटा यात फारसा फरकच नाही, आणि मला तेच जास्त आवडलं.

गॅरंड ३.१ इंच. इथे एक बारकावा आहे, क्लिप घातल्यावर पहिली गोळी हाताने बोल्ट सोडून बसते आणि पुढच्या आपोआप, त्यामुळे पहिली गोळी बऱ्याचदा बाकीच्यांपासून दूर जाते. मी पाच गोळ्यांची क्लिप वापरली, शिकारीसाठी मिळते ती, आणि पहिली गोळीही मोजणीत धरली, कारण मैदानात पहिलीच तर मोजायची. ती सोडून मोजलं तर आकडा २.६ पर्यंत येतो, पण वहीत मी ३.१ च लिहिलंय. साईट मात्र चौघींत सर्वात चांगली, पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून बघायची, क्लिक मोजून फिरवता येते, वयस्कर डोळ्यांना वरदान.

मोसिन ४.६ इंच. बेंचवरून ही खांद्याला चांगलीच लागते, दस्त्याला लोखंडी पट्टी आणि दस्ता आखूड, तेव्हा जाड पॅड लावा आणि एका दिवशी पंचवीसच्या पुढे जाऊ नका, नाहीतर नकळत चाप ओढण्याआधीच अंग आक्रसतं आणि आकडे तुमचे होतात, रायफलीचे नाही. सोव्हिएत नियमावलीत १०० मीटरवर चार गोळ्या १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या की रायफल योग्य समजायची, म्हणजे सहा इंच. त्या कसोटीवर माझी आजही उत्तीर्ण आहे, ८५ वर्षांनी. सोव्हिएत सैन्यात ही संगीन लावूनच नेमाला लावली जायची, त्यामुळे संगिनीशिवाय टार्गेटवर ग्रुप भलतीकडे बसतो. मी रेंज ऑफिसरला विचारून एकदा संगीन लावून मारून बघितलं. ग्रुप लहान झाला नाही पण चार बोटं बाजूला सरकला आणि मध्याजवळ आला. ज्यांना आपली मोसिन वाकडी मारते असं वाटतं त्यांनी पुढची साईट ठोकण्याआधी हे करून बघावं.

आणि इछापूर. बोट-टेल गोळीने ५.४ इंच, पाचही ग्रुप पसरट, मन खट्टू झालं होतं. त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हणाले, "पुढचा स्क्रू बघितलास का? उन्हाळ्यात लाकूड आकसतं, आम्ही कोतापाशी, शस्त्रागारात, आर्मररकडून घट्ट करून घ्यायचो. आणि श्वास अर्धा सोडून थांब, पूर्ण सोडू नकोस." ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू खरंच पाव फेरा आत गेला. ली-एनफिल्डमध्ये पुढचं लाकूड ॲक्शनला घट्ट बसलेलं असणं फार महत्त्वाचं, ढिलं असलं की नळी तापताना ग्रुप वर चढत जातो, आणि माझे तसेच उभे चढत होते. स्क्रू घट्ट करून बोट-टेलचे पाच ग्रुप पुन्हा मारले, ४.८. नंतर सपाट बुडाची १८० ग्रेनची गोळी, ३.५ इंच. रायफल तीच, अंतर तेच, माणूस तोच. म्हणजे ज्या रायफलीला मी पहिल्या दिवशी चौथा नंबर दिला असता ती मोसिनच्या पुढे आणि गॅरंडच्या अगदी जवळ आली. म्हणून मी आता कोणाच्याही "अमुक रायफल इतकं मारते" या वाक्यापुढे विचारतो, कुठल्या गोळीने, नळीचं माप काय, आणि किती ग्रुपांची सरासरी? बाबांना मी सपाट बुडाच्या टार्गेटचे पाचही फोटो पाठवले, त्यांनी दौंडच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले आणि तिथे दोन दिवस चर्चा चालली, दोनशे यार्डांवर मार म्हणे आता.

साफसफाईचं थोडक्यात. जुनी लष्करी काडतुसं झाडलीत तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओता, प्रायमरमधून जे मीठ नळीत बसतं ते हवेतली ओल ओढून घेतं आणि एका दमट रात्रीत गंज धरतो, नुसत्या तेलाने ते मीठ जात नाही. पाणी, मग कोरडं कापड, मग तेल. नवीन काडतुसांना याची गरज नाही. कानाला आतले प्लग आणि वरून मफ दोन्ही, छपराखालच्या रेंजवर मोसिनचा आवाज भिंतींवरून परत येतो.

खर्चाचा हिशोब विचारतात म्हणून: चार रायफली साधारण २,६५०, लायसन्स ३०, क्लब दोन वर्षांचे ३२०, गेज आणि गनस्मिथ १४० च्या आसपास, चष्मा ९०, काडतुसं साडेतीनशेच्या घरात, कॅलिपर, मायक्रोमीटर, वाळूच्या पिशव्या, ब्रश, स्पिरिट्स वगैरे मिळून आणखी २०० धरा. चारही लागतच नाहीत. एकच घ्यायची असेल आणि अचूकताच बघायची असेल तर के-३१ घ्या, पण काडतुसं कुठून आणि कितीला मिळतील ते आधी बघा. घरात तिजोरी नसेल तर तिचा खर्च यात धरलेला नाही, लहान मुलं असतील तर पहिली खरेदी तीच.

लायसन्सची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची, नूतनीकरणाचा फॉर्म त्याच्या काही आठवडे आधी टपालाने येतो आणि फी पुन्हा ३० डॉलरच. पत्ता बदलला असेल तर एटीएफला घर बदलायच्या आधीच कळवावं लागतं, आणि लायसन्स संपायची तारीख मी बाउंड बुकच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवली आहे.